जनुकसंशोधन: माणूस, प्राणी, वनस्पती आणि सूक्ष्मजीव यांवर काम करताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डीएनए सगळीकडे तोच असतो. तो कशात गुंडाळलेला आहे, त्याच्यासोबत काय काय बाहेर येते आणि एका पेशीत त्याच्या किती प्रती आहेत, हे मात्र दर सजीवागणिक बदलते. एका सजीवावर हात बसलेला माणूस दुसऱ्याकडे वळला की बहुतेक वेळा इथेच अडखळतो. खालचे प्रश्न अशाच जागांवरचे आहेत.

रक्तातून डीएनए काढायला वापरतो तेच किट पानांना आणि जिवाणूंना चालेल का?

क्वचितच. प्राण्यांच्या पेशीला फक्त पातळ पटल असते. एसडीएससारखा साबण आणि प्रथिने तोडणारे एन्झाइम प्रोटीनेज-के घालून ५६ अंशांवर ठेवले की ती फुटते. वनस्पतीच्या पेशीभोवती सेल्युलोजची भिंत असते, म्हणून आधी पान दळावे लागते. जिवाणूची भिंत पेप्टिडोग्लायकनची असते आणि यीस्टची ग्लुकन व कायटिनची, त्यामुळे त्यांना वेगवेगळी एन्झाइम लागतात. रक्ताचे किट पानांना लावले तर डीएनए येतो, पण थोडा, आणि सोबत पिष्टमय चिकट पदार्थही येतात. किटमधला डीएनए धरून ठेवणारा स्तंभ तुंबला की बहुतेकांना किट खराब असल्याची शंका येते. प्रत्यक्षात ते किट त्या ऊतीसाठी बनवलेलेच नसते.

रक्त कोणत्या नळीत घ्यावे आणि किती?

ईडीटीएच्या नळीत घ्या (ईडीटीए आणि हेपरिन ही दोन्ही रक्त गोठू न देणारी रसायने). हेपरिनची नळी शक्यतो टाळा. हेपरिन डीएनएसोबत शेवटपर्यंत टिकते आणि पीसीआरमधल्या (डीएनएच्या हव्या त्या तुकड्याच्या असंख्य प्रती बनवण्याच्या पद्धतीतल्या) पॉलिमरेजला, म्हणजे प्रती बनवणाऱ्या एन्झाइमला, अडवते. ते काढून टाकायचे उपाय आहेत, पण मुळात न घालणे सोपे.

किती घ्यायचे हे रक्त कोणाचे आहे त्यावर ठरते. सस्तन प्राण्यांच्या परिपक्व तांबड्या पेशींत केंद्रक नसते, त्यामुळे सगळा डीएनए पांढऱ्या पेशींतून मिळतो. माणसाच्या १ मिलिलिटर रक्तात ४० लाख ते १.१ कोटी पांढऱ्या पेशी असतात आणि प्रत्येकीत सुमारे ६.६ पिकोग्रॅम डीएनए असतो. म्हणजे हिशेबाने २५ ते ७० मायक्रोग्रॅम, आणि हाती येतो तो त्याहून थोडा कमी. पक्षी, मासे, सरडे, बेडूक यांच्या तांबड्या पेशींत मात्र केंद्रक असते. कोंबडीच्या अवघ्या १० मायक्रोलिटर रक्तात माणसाच्या १ मिलिलिटरइतका किंवा त्याहून जास्त डीएनए असतो. पक्ष्याचे २०० मायक्रोलिटर रक्त नेहमीच्या सवयीने नळीत घातले तर ते जेलीसारखे घट्ट होते आणि पुढे सरकत नाही. ५ ते १० मायक्रोलिटर पुरते.

लाळ किंवा गालाच्या आतला फाया चालतो का?

पीसीआरसाठी आणि जीनोटायपिंगसाठी (डीएनएतल्या ठरावीक जागांवरचे फरक तपासायला) चालतो. पूर्ण जीनोमसाठी (सजीवाच्या सगळ्या डीएनएसाठी) लाळ वापरणार असाल तर त्यातला काही भाग तोंडातल्या जिवाणूंचा असतो हे धरून सिक्वेन्सिंग (डीएनएतल्या बेसांचा क्रम वाचणे) जास्त घ्या, आणि मोजमाप करताना मानवी डीएनए वेगळा मोजा. नमुना देण्याआधी ३० मिनिटे काही खाऊ-पिऊ नये.

पानांतून काढलेला डीएनए तपकिरी आणि चिकट येतो. काय चुकते?

तपकिरी रंग पॉलिफिनॉलमुळे येतो. पेशी फुटताच ते हवेतल्या ऑक्सिजनने ऑक्सिडाइझ होतात आणि डीएनएला कायमचे चिकटतात. चिकटपणा पॉलिसॅकराइडमुळे येतो. दोन्हींचा बंदोबस्त सुरुवातीलाच करावा लागतो. रंग एकदा चढला की नंतर कितीही धुवा, जात नाही. सीटीएबी या साबणासारख्या रसायनाची पद्धत यासाठीच आहे.

बफरमध्ये २ टक्के सीटीएबी, १.४ मोलर मीठ म्हणजे सोडियम क्लोराइड, १०० मिलिमोलर ट्रिस (पीएच ८), २० मिलिमोलर ईडीटीए आणि १ ते २ टक्के पीव्हीपी (पॉलिफिनॉल पकडणारे) घ्या. बीटा-मर्कॅप्टोइथेनॉल ०.२ टक्के, पण ते वापरायच्या क्षणी आणि फ्यूम हूडमध्ये घाला. आठवडाभर आधी घालून ठेवलेले निरुपयोगी ठरते. बफर ६५ अंशांवर तापवून ठेवा.

१०० मिलिग्रॅम कोवळे पान द्रव नायट्रोजनमध्ये पिठासारखे दळा. भुकटी वितळू न देता तीवर ६०० मायक्रोलिटर गरम बफर घाला. ६५ अंशांवर ४५ मिनिटे ठेवा आणि दर १० मिनिटांनी नळी हलक्या हाताने उलटसुलट करा. नळी खोलीच्या तापमानाला आली की तेवढेच क्लोरोफॉर्म आणि आयसोअमाइल अल्कोहोल (२४:१) घालून १० मिनिटे मिसळा, मग सेंट्रिफ्यूजमध्ये १२,००० जी वर १० मिनिटे फिरवा. वरचा थर घ्या, पण सगळा घ्यायचा मोह टाळा. मधल्या पांढऱ्या थराचा कणही आला तर प्रथिने परत येतात. त्यात ०.७ पट आयसोप्रोपॅनॉल घालून उणे २० अंशांवर ३० मिनिटे ठेवा, फिरवा, पेलेट, म्हणजे तळाशी बसलेला डीएनए, ७० टक्के इथेनॉलने धुवा आणि १० मिनिटे वाळवून ५० मायक्रोलिटर टीईमध्ये (ट्रिस आणि ईडीटीएचे बफर) विरघळवा. पेलेट कडकडीत वाळवले तर विरघळायला दिवस जातो. आरएनए नको असेल तर तो तोडणारे एन्झाइम आरएनेज घालून ३७ अंशांवर ३० मिनिटे ठेवा.

इथे मिठाचे प्रमाण फार मोलाचे आहे. मीठ ०.७ मोलरच्या खाली गेले तर सीटीएबी डीएनएलाच बांधून खाली बसवते. त्याच्या वर असले की डीएनए द्रावणात राहतो आणि पॉलिसॅकराइड वेगळे पडतात. पेलेट तरीही डिंकासारखे असेल तर मीठ २ मोलरपर्यंत वाढवा आणि जून पानांऐवजी कोवळी पाने घ्या. रोप आदल्या दिवशी अंधारात ठेवले तर पानातले स्टार्चही कमी होते. क्लोरोफॉर्मच्या आधी नळी बर्फात ठेवू नका, कारण थंडीत सीटीएबीचे खडे होतात. क्लोरोफॉर्मचा कचरा वेगळ्या बाटलीत जमा करा, बेसिनमध्ये ओतू नका.

जिवाणूंच्या नमुन्यातून डीएनए जवळजवळ येतच नाही.

आधी जिवाणू कोणता आहे ते बघा. ई. कोलायसारखा ग्रॅम-निगेटिव्ह (पातळ भिंतीचा) साबणानेच फुटतो. ग्रॅम-पॉझिटिव्हला (जाड भिंतीच्या) आधी भिंत तोडणारे लायसोझाइम लागते, साधारण मिलिलिटरला २० मिलिग्रॅम, ३७ अंशांवर ३० मिनिटे. स्टॅफिलोकॉकस ऑरियस लायसोझाइमला दाद देत नाही, त्याला लायसोस्टाफिन लागते. क्षयाच्या कुळातल्या मायकोबॅक्टेरियांवर मायकोलिक आम्लाचा मेणचट थर असतो, तिथे बारीक मण्यांसोबत जोराने हलवणे हाच खरा उपाय. यीस्टला झायमोलायेज.

माती किंवा विष्ठेतल्या संपूर्ण जिवाणू-समूहावर काम असेल तर मण्यांची पायरी गाळूच नका. सौम्य पद्धतीत फक्त सहज फुटणारे जिवाणू मोजले जातात आणि निष्कर्ष निघतो की नमुन्यात ग्रॅम-निगेटिव्हच जास्त आहेत. तो नमुन्याचा गुण नसतो, पद्धतीचा दोष असतो. उलट, लांब वाचनाचे सिक्वेन्सिंग करायचे असेल तर मण्यांनी डीएनएचे तुकडे होतात. दोन्ही हेतू एकाच नळीतून साधत नाहीत, नमुना दोन भागांत वाटावा.

नमुने गोळा करण्याची जागा प्रयोगशाळेपासून खूप दूर आहे. टिकवायचे कसे?

पाने: सिलिका जेलमध्ये. पानाच्या वजनाच्या किमान १० पट सिलिका घ्या आणि पान २४ तासांत कुरकुरीत वाळले पाहिजे. सावकाश वाळलेल्या पानात पेशींचीच एन्झाइम डीएनए खाऊन टाकतात.

प्राण्यांची ऊती: ९५ टक्के इथेनॉलमध्ये, ऊतीच्या ५ ते १० पट. तुकडा जाड नको, कारण मध्यापर्यंत अल्कोहोल पोचले नाही तर आतून कुजतो. २४ तासांनी अल्कोहोल बदला, पहिल्या दिवशी ऊतीतले पाणी त्यात उतरलेले असते. फॉर्मॅलिन नकोच. त्याने डीएनए आणि प्रथिने एकमेकांत गुंततात, तुकडे पडतात आणि सायटोसिनच्या जागी थायमिन दिसू लागते. तो बदल खऱ्या उत्परिवर्तनासारखाच भासतो.

रक्त: ईडीटीएत ४ अंशांवर काही दिवस, त्यापुढे उणे ८० अंशांवर. वारंवार गोठवणे-वितळवणे टाळा. जिवाणू: १५ ते २५ टक्के ग्लिसरॉलमध्ये, उणे ८० अंशांवर. आरएनए हवा असेल तर हे काहीच पुरत नाही. नमुना घेताक्षणी द्रव नायट्रोजनमध्ये किंवा आरएनए टिकवणाऱ्या द्रावणात गेला पाहिजे, कारण पेशीत काय चालू आहे याचे चित्र मिनिटांत बदलते.

आणि लेबल. अल्कोहोलने मार्करची शाई पुसली जाते. कागदाच्या चिठ्ठीवर साध्या पेन्सिलीने क्रमांक लिहून चिठ्ठी नळीच्या आत टाका. चांगला डीएनए असूनही कोणाचा ते न कळल्यामुळे फेकावे लागलेले नमुने खराब डीएनएपेक्षा जास्त दुःख देतात.

स्पेक्ट्रोफोटोमीटर २०० नॅनोग्रॅम दाखवतो, तरी पीसीआर येत नाही. कसे काय?

ते यंत्र २६० नॅनोमीटरला शोषला गेलेला प्रकाश मोजते. तो डीएनएने शोषला, आरएनएने की सुट्या न्यूक्लिओटाइडने, हे त्याला कळत नाही. वनस्पती आणि जिवाणूंच्या नमुन्यांत आरएनए भरपूर असतो, म्हणून आकडा फुगतो. फ्लुरोसंट रंगाने मोजलेला आकडा कधीकधी त्याच्या निम्म्याहूनही कमी निघतो.

२६०/२८० गुणोत्तर डीएनएसाठी १.८ च्या आसपास हवे, २.० च्या पुढे गेले तर आरएनए समजा. २६०/२३० हे २.० ते २.२ हवे. ते १ च्या खाली असेल तर फिनॉल, ग्वानिडिन किंवा पॉलिसॅकराइड उरले आहेत. आधी साधा प्रयोग करा: डीएनए १० पट पातळ करून तोच पीसीआर लावा. बँड, म्हणजे जेलवर हव्या त्या तुकड्याची रेघ, आला तर अडथळा आणणारा पदार्थ होता आणि तो पातळ झाला. रक्तातले हीम, पानातले पॉलिफिनॉल, मातीतले ह्युमिक आम्ल हे नेहमीचे गुन्हेगार. बीएसए हे प्रथिन घातल्यानेही पुष्कळदा काम होते.

पीसीआरमध्ये किती डीएनए घालायचा?

नॅनोग्रॅमपेक्षा प्रतींचा विचार करा. माणसाच्या जीनोमची एक प्रत सुमारे ३.३ पिकोग्रॅम भरते, म्हणजे १० नॅनोग्रॅममध्ये सुमारे ३,००० प्रती. ई. कोलायचा जीनोम ४६ लाख बेसजोड्यांचा, एक प्रत साधारण ५ फेम्टोग्रॅम, म्हणून १ नॅनोग्रॅममध्येच २ लाख प्रती येतात. साध्या गव्हाचा जीनोम सुमारे १,६०० कोटी बेसजोड्यांचा, माणसाच्या ५ पट. त्यामुळे तेवढ्याच प्रतींसाठी ५० नॅनोग्रॅम लागतात. जिवाणूचा ५० नॅनोग्रॅम डीएनए घातला तर फायदा काही नाही, उलट जेलवर बँडऐवजी पुसट पट्टा पसरतो.

२५ मायक्रोलिटरच्या मिश्रणात १२.५ मायक्रोलिटर दुप्पट तीव्रतेचे मास्टर मिक्स (पॉलिमरेज, बफर आणि न्यूक्लिओटाइडचे तयार मिश्रण), १० मायक्रोमोलरचे दोन्ही प्रायमर (तुकड्याची दोन टोके ठरवणारे छोटे डीएनए) प्रत्येकी ०.५ मायक्रोलिटर, डीएनए १ ते २ मायक्रोलिटर आणि बाकी पाणी. ९५ अंशांवर ३ मिनिटे, मग ९५ वर ३० सेकंद, ५५ ते ६० वर ३० सेकंद आणि ७२ वर दर १,००० बेसमागे १ मिनिट, अशी ३० ते ३५ आवर्तने.

डीएनए न घातलेल्या नळीतही बँड येतो.

तो दिवस तिथेच थांबवा, त्या खेपेचे निकाल वापरू नका. पाणी, प्रायमर, मास्टर मिक्स एकेक करून नवे घ्या आणि कोण दोषी ते शोधा. पीसीआर झालेल्या नळ्या जिथे उघडतात त्या खोलीतले पिपेट मिश्रण बनवायला कधीच वापरू नयेत, कारण एका नळीतून उडालेल्या तुषारांत कोट्यवधी प्रती असतात.

१६-एस या जिवाणू ओळखायच्या जनुकाच्या बाबतीत आणखी एक गोम आहे. पॉलिमरेज बहुधा ई. कोलायमध्येच तयार केलेले असते आणि त्याचा लेशमात्र डीएनए सोबत येतो. किटच्या द्रावणांतही जिवाणूंचा डीएनए सापडतो. म्हणून कमी जिवाणू असलेल्या नमुन्यांवर काम करताना डीएनए काढण्याच्या पायरीपासूनच एक रिकामी नळी सोबत चालवा आणि तीही सिक्वेन्सिंगला पाठवा.

प्रजाती ओळखायला कोणता जनुक वाचावा?

प्राण्यांसाठी मायटोकॉन्ड्रियातल्या सीओआय जनुकाचा सुमारे ६५० बेसजोड्यांचा भाग. वनस्पतींत मायटोकॉन्ड्रियाचे क्रम फार संथ बदलतात, म्हणून तिथे हरितलवकातले आरबीसीएल आणि मॅटके, जोडीला आयटीएस-२. बुरशीसाठी आयटीएस. जिवाणूंसाठी १६-एस, पूर्ण लांबी सुमारे १,५०० बेसजोड्या.

दोन फसवणुकी लक्षात असू द्या. पहिली: मायटोकॉन्ड्रियाचे जुने तुकडे केंद्रकातल्या गुणसूत्रांत शिरून बसलेले असतात आणि सीओआयचे प्रायमर त्यांनाही पकडतात. वाचनात मध्येच थांबा-संकेत दिसला किंवा दुहेरी शिखरे आली तर हा संशय घ्या. दुसरी: हरितलवक हा मुळात सायनोबॅक्टेरियाचा वंशज, त्यामुळे त्याच्यातही १६-एस आहे. पानातले जिवाणू मोजायला गेलात तर वाचनांचा मोठा वाटा हरितलवकाचाच निघतो. त्याला अडवणारे पीएनए क्लॅम्प वापरा किंवा त्याला न बसणारे प्रायमर निवडा.

सिक्वेन्सिंग किती घ्यावे?

जीनोमचा आकार गुणिले हवी ती खोली (प्रत्येक जागा सरासरी किती वेळा वाचायची तो आकडा), भागिले वाचनांच्या एका जोडीतून मिळणारे बेस. माणसाचा जीनोम ३१० कोटी, खोली ३० पट, म्हणजे ९,३०० कोटी बेस. १५० च्या दोन वाचनांची जोडी ३०० बेस देते, म्हणून ३१ कोटी जोड्या. ५० लाखांच्या जिवाणूला ५० पट खोलीसाठी जेमतेम ८ लाखांवर जोड्या पुरतात.

हा हिशेब बहुगुणित (गुणसूत्रांचे दोनहून जास्त संच असलेल्या) पिकांत कोलमडतो. माणसात एका जागी दोन प्रती असतात, बटाट्यात चार. चारांपैकी एक वेगळी की दोन, हे सांगायला ६० पट किंवा जास्त खोली लागते. ३० पटीत केलेले बटाट्याचे जीनोटाइप दिसायला नेटके असतात, पण त्यांतला एक मोठा हिस्सा चुकीचा असतो.

माणसाचा जनुक ई. कोलायमध्ये घातला, पण प्रथिन मिळत नाही.

जनुक थेट जीनोममधून उचलला असेल तर त्यात इंट्रॉन (प्रथिनाचा संकेत नसलेले मधले तुकडे) आहेत आणि जिवाणू ते कापून काढू शकत नाही. सीडीएनए (इंट्रॉन निघून गेलेल्या आरएनएवरून बनवलेला डीएनए) वापरा किंवा क्रम कृत्रिमरीत्या बनवून घ्या. आर्जिनिनचे एजीए आणि एजीजी हे कोडॉन (तीन बेसांचे संकेत) ई. कोलायमध्ये दुर्मिळ आहेत, ते बदलून घ्या. प्रथिन बनते पण गोळा होऊन खाली बसते, असे असेल तर तापमान १६ ते १८ अंशांवर आणा आणि जनुक चालू करणारे आयपीटीजी ०.१ मिलिमोलरपर्यंत उतरवा.

जनुकीय संकेत सगळीकडे एकच असतो हे शिकवलेले विधान जवळजवळ खरे आहे, पूर्ण नाही. टीजीए म्हणजे थांबा, पण पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांच्या मायटोकॉन्ड्रियात आणि मायकोप्लाझ्मात तोच ट्रिप्टोफॅन असतो. कँडिडा अल्बिकान्समध्ये सीटीजी ल्युसिन न देता सेरीन देतो. शर्करा-साखळ्या लागणारे एरिथ्रोपोएटिनसारखे प्रथिन असेल तर जिवाणूचा नाद सोडून सस्तन पेशींकडे वळा. इन्सुलिनला त्या साखळ्या लागत नाहीत, म्हणून ते जिवाणूत जमले आणि १९८२ मध्ये औषध म्हणून मान्य झाले.

क्रिस्पर, म्हणजे डीएनए ठरावीक जागी कापून बदलण्याचे तंत्र, सगळ्या सजीवांत सारखेच चालते का?

कापणे सारखे असते. नेहमीच्या कॅस-९ या कापणाऱ्या एन्झाइमला २० बेसचा मार्गदर्शक आरएनए आणि लक्ष्य-डीएनएत लगेच पुढे एनजीजी (कोणताही एक बेस आणि दोन जी) हवे. कापल्यानंतर काय होते ते वेगळे. प्राणी आणि वनस्पतींच्या पेशी तुटलेली टोके घाईने जोडतात, त्यात एखाददुसरा बेस गळतो किंवा शिरतो आणि जनुक बंद पडतो. बहुतेक जिवाणूंकडे ही जोडणीची यंत्रणाच नसते, त्यामुळे काप बसला की पेशी मरते. तिथे दुरुस्तीसाठी नमुना-डीएनए सोबत द्यावाच लागतो. एकही वसाहत न उगवणे म्हणजे कॅस-९ उत्तम काम करत असल्याचीही खूण असू शकते.

उंदराच्या फलित अंड्यात टोचले तर पिल्लू अनेकदा मोझेक (वेगवेगळ्या पेशींत वेगळा डीएनए असलेले) निघते, म्हणजे शेपटीच्या टोकात दिसलेला बदल जननपेशींत असेलच असे नाही. पुढच्या पिढीत तपासल्याशिवाय खात्री धरू नका. वनस्पतींत यंत्रणा आत न्यायला बहुधा ॲग्रोबॅक्टेरियम (वनस्पतीच्या पेशीत डीएनए सोडणारा जिवाणू) लागतो आणि मग एका पेशीपासून पूर्ण रोप उभे करावे लागते, जे काही वाणांत होतच नाही. गव्हात एकाच जनुकाच्या तीन उपजीनोमांत तीन जोड्या असतात. एमएलओ जनुकाच्या तिन्ही बंद केल्यावरच भुरी रोगाला चांगला प्रतिकार दिसला. माणसात पेशी बाहेर काढून, बदलून, परत देणे हा मार्ग सिकलसेलसाठी २०२३ मध्ये मान्य झाला.

एखाद्या गुणधर्माशी जोडलेला जनुक शोधायला किती नमुने लागतात?

माणसात हजारो, पुष्कळदा लाखो. सुमारे १० लाख स्वतंत्र जागा तपासल्या जातात, म्हणून संख्याशास्त्रातली ०.०५ ची मर्यादा (योगायोगाची शक्यता) १० लाखांनी भागून घेतात. कुत्र्यांच्या एकाच जातीत गुणसूत्रांचे लांब पट्टे एकत्र वारशाने येतात, त्यामुळे एकाच जनुकाने ठरणारा गुण काही डझन कुत्र्यांतही सापडू शकतो, मात्र सापडलेल्या पट्ट्यात डझनावारी जनुक असतात. विविध मक्याच्या वाणांत उलटे: हा पट्टा काही हजार बेसांतच तुटतो, म्हणून डीएनएवरच्या तपासायच्या खुणा खूप लागतात, पण नेम अचूक बसतो. वनस्पतींत आणखी एक सोय आहे. सहा-आठ पिढ्या स्वपरागण करून शुद्ध ओळी बनवता येतात आणि तोच जीनोटाइप दरवर्षी, अनेक शेतांत लावता येतो. जिवाणू विभागून वाढतात, त्यामुळे अख्खा जीनोमच एका पट्ट्यासारखा वागतो. तिथे वंशावळीची दुरुस्ती न करता केलेले विश्लेषण जनुक शोधत नाही, घराणे शोधते.

निकाल जुळत नाहीत, पण प्रयोग तर बरोबर होता.

आधी संदर्भ-जीनोमची (तुलनेसाठी वापरायच्या प्रमाण जीनोमची) आवृत्ती बघा. मानवी जीनोमच्या ३७ आणि ३८ या आवृत्त्यांत एकाच जागेचे क्रमांक वेगळे आहेत. बेड फाइलीत (जीनोममधल्या पट्ट्यांची यादी) मोजणी शून्यापासून सुरू होते, व्हीसीएफमध्ये (सापडलेल्या बदलांची यादी) एकपासून. एका घराची चूक इथूनच येते. एक्सेलमध्ये जनुकांची यादी उघडली तर सेप्ट-२ आणि मार्च-१ यांच्या तारखा होतात. हा घोळ इतका पसरला की २०२० मध्ये या मानवी जनुकांची नावेच बदलली गेली. ९६ खळग्यांची प्लेट उलटी ठेवली गेली की ए-१ च्या जागी एच-१२ येतो, म्हणून एक खळगा मुद्दाम रिकामा ठेवा, आणि तो मधोमध नको, एका बाजूला. माणूस आणि सस्तन प्राण्यांत नोंदलेले लिंग आणि डीएनएतून दिसणारे लिंग जुळते का ते बघणे ही अदलाबदल पकडायची सर्वांत स्वस्त चाचणी आहे.

परवानगी कशाकशाला लागते?

माणसाच्या नमुन्याला नैतिक समितीची मान्यता आणि समजून-उमजून दिलेली लेखी संमती. संमतीपत्रात पुढील वापर, माहितीची देवाणघेवाण आणि अनपेक्षित आजार दिसल्यास कळवायचे की नाही, हे तिन्ही स्पष्ट लिहा. नाव काढून टाकले तरी जीनोम ओळख सांगू शकतो, आणि नातेवाइकांचीही. प्राण्यांसाठी प्राणी-नैतिक समिती. दुसऱ्या देशातल्या वनस्पती, प्राणी किंवा सूक्ष्मजीवांसाठी २०१० चा, २०१४ पासून लागू असलेला नागोया करार तपासा. मानवी नमुने त्यात येत नाहीत. रोगकारक सूक्ष्मजीवांना जैवसुरक्षेची पातळी १ ते ४ यांपैकी ठरवावी लागते आणि जनुक बदलल्यावर ती पुन्हा ठरवावी लागते. हे सगळे कागद पहिला नमुना घेण्याआधी हातात हवेत. नंतर मिळालेली संमती आधी घेतलेल्या नमुन्याला लागू होत नाही.